चुलीचा अ

सार प्रत्येक गोष्ट आधी चाखून बघायचे. चिंचोक्याची खळ, खडूची भुकटी, भाताचा कोंडा, केळीचं वाळलेलं सोपट, कुणा पोरीने आजीच्या जुन्या लुगड्यातून उसवून आणलेली जर. जिभेच्या टोकाला लावायचे, डोळे मिटायचे, आणि मग ती वस्तू मुलाच्या हातात परत ठेवायचे किंवा खिडकीतून बाहेर टाकायचे. बाजारातून आणलेली चमकी, थर्माकोल, प्लास्टिकची फुलं चाखण्याचीही गरज नसायची. ती थेट खिडकीतून जायची. खिडकीखाली शिक्षकांच्या सायकली आणि मोपेड लावलेल्या असत. माझ्या गाडीच्या सीटवर चमकी नाही असा दिवस मला आठवत नाही.

शाळा लहान, खाजगी. तंजावूरच्या राजवाड्यापासून चालत वीस मिनिटांवर. सार तिथे चित्रकला शिकवत आणि मी हिंदी. मुलं त्यांना ‘ड्रॉइंग सार’ म्हणत. तिकडे सरचं सार होतं, आणि वर्षभरात मीही त्यांना सारच म्हणायला लागले. ते मराठी होते. घराणं राजांबरोबर आलेलं, तेव्हापासून तिथंच. बोलत ती मराठी जुन्या कागदपत्रांतल्यासारखी, मध्येच तमिळ शब्द आणि वर तमिळ हेल. देवनागरी मात्र त्यांना वाचता येत नव्हती. मी मिरजेची, लग्न होऊन तंजावुरात आलेली. सासर राजवाड्यामागच्या गल्लीत, तेही असंच जुनं मराठी घर. पहिल्या दिवशी स्टाफरूममध्ये सारांनी मला वर-खाली न्याहाळलं आणि विचारलं, “मिरजेस सोनें खरें मिळतें काय?”

मी म्हटलं, मिळत असावं. त्यांचा विश्वास बसलेला दिसला नाही.

या सोन्यामागे एक हकीकत होती. शाळेत येण्याआधी सार तंजावुरी चित्रं करणाऱ्या एका दुकानात कामाला होते. फळ्यावर कापड चिकटवायचं, त्यावर खडूच्या लगद्याने उठाव द्यायचा, काचेचे खडे बसवायचे, सोन्याचा वर्ख लावायचा, हे काम. पुढे मालक खऱ्या वर्खाच्या जागी नकली वापरू लागला. सारांनी तोही लावला, निमूटपणे, बरेच महिने. एक दिवस कुणी गिऱ्हाईक आलं, चित्रापुढे उभं राहिलं आणि कामावर वाकलेल्या सारांना सहज विचारलं, हे सोनं खरं ना? सार म्हणाले, नाही. त्याच संध्याकाळी त्यांना काढून टाकण्यात आलं. हे मला सांगताना त्यांना त्यात काही शौर्य वाटत नव्हतं. “मी माणसांविषयी पुष्कळ खोटें बोललों आहे, बाई,” ते म्हणाले. “बायकोशी बोललों, बहिणीशी बोललों. वस्तूविषयी मज बोलतां येत नाही. जीभ चालत नाही.”

बायको कधीच सोडून गेली होती. ते तिरुवैयारुला थोरल्या विधवा बहिणीबरोबर राहत. कावेरीच्या काठची ती गल्ली अशी की सकाळी पाचपासून घराघरांतून गाण्याच्या शिकवण्या ऐकू येत. सारांना गाणं सहन होत नसे. पौष महिन्यात गावात संगीताचा उत्सव भरतो, देशभरातून लोक येतात, तेव्हा सार कानात कापूस घालून शाळेत येत आणि दिवसभर काढत नसत. मुलं काही विचारायला आली तर पाटीवर लिहून मागत. रोज ते तेरा-चौदा किलोमीटर सायकल मारत. बसमध्ये चढत नसत, कारण एकदा कंडक्टरने त्यांचा चित्राचा फळा आडवा करायला लावून त्याचा कोपरा मोडला होता.

प्रेमळ म्हणावं असं त्यांच्यात काही नव्हतं. मुलांचे कान पिळत. पालकांना तोंडावर सांगत की तुमच्या मुलाला हात आहेत पण डोळे नाहीत. डबा उभ्याने खात, दहीभात आणि लोणचं, आणि खाताना कुणी बोललं तर पाठ फिरवत. अंगाला खळीचा आंबूस वास येई. स्टाफरूममध्ये त्यांच्या शेजारची खुर्ची रिकामी असायची. माझ्याशी मराठी बोलायला मिळतं एवढ्यासाठी ते माझ्याजवळ येऊन बसत, आणि खरं सांगायचं तर मी थोडी लांब सरकत असे.

पण चौथीच्या वर्गात ते जे करत, ते मी दुसऱ्या कुठल्या शाळेत पाहिलं नाही. वर्गात तीस मुलं. तमिळमध्ये बारा स्वर आणि अठरा व्यंजनं, म्हणजे माणशी एक अक्षर. सार प्रत्येक मुलाला एक अक्षर देत, वर्षभरासाठी. वीतभर लाकडी फळी, तिच्यावर जुनं धोतर खळीने चिकटवायचं, ते सुकलं की खडूच्या लगद्याने अक्षर उठवायचं, ते घासून गुळगुळीत करायचं. इथपर्यंत दिवाळी यायची. पुढे त्या अक्षराने सुरू होणारा, नाही तर निदान ते अक्षर असलेला, एक शब्द निवडायचा आणि अक्षर त्या शब्दाच्या वस्तूंनी भरायचं. अट एकच. पाठ्यपुस्तकातला शब्द चालणार नाही. शब्द तुमच्या घरातला हवा आणि वस्तूही तुमच्या घरातली.

त्यामुळे दर वर्षी मार्चमध्ये हॉलच्या भिंतीवर तीस अक्षरं लागत आणि तीस घरं दिसत. एका मुलाने ‘म’ केला होता. म म्हणजे ‘मरुंदु’, औषध. आजोबांच्या गोळ्यांच्या रिकाम्या चंदेरी पट्ट्या कापून त्याने अख्खा म मढवला होता. एकीने ‘व’ला ‘वासल’, म्हणजे दार, घेऊन दारातल्या रांगोळीची भुकटी, तुळशीच्या काड्या आणि वडिलांच्या चपलेचा तुटलेला अंगठा लावला होता. सार त्या भिंतीपुढून हात मागे बांधून फिरत. शाबासकी देत नसत.

मी सांगते आहे ते माझ्या तंजावुरातल्या सातव्या वर्षातलं. त्या वर्षी ‘अ’ एका मुलीकडे आला होता. बारीक चणीची, गप्प, पहिल्या बाकावर कडेला बसणारी. वडील एका गोदामात मुकादम होते. जानेवारीत तिची आई भाजून गेली. स्टोव्हचा भडका उडाला असं सगळ्यांना कळलं. मुख्याध्यापिका आणि आम्ही दोघी-तिघी घरी जाऊन आलो. वडील, मुलीचे अप्पा, भिंतीला टेकून बसले होते. एका हाताला मलमपट्टी होती. विझवताना भाजलं, असं आजीने सांगितलं. तीन आठवड्यांनी मुलगी शाळेत परत आली. आजीने वेण्या घट्ट घातल्या होत्या.

पुढे एके दिवशी चौथीच्या वर्गावर मी बसले होते, कारण सारांची खळ करपायला आली होती. मागच्या व्हरांड्यात विटांवर भांडं ठेवून ते स्वतः खळ शिजवत आणि ती कुणाच्या हाती देत नसत. मला म्हणाले, जरा बसा, कात्री कुणाला देऊं नका. मी बाकांमधून फिरत होते. मुलीच्या बाकाशी आले तेव्हा तिची फळी जवळजवळ पुरी झाली होती.

तमिळमधला अ म्हणजे डावीकडे एक वेटोळं आणि उजवीकडे एक उभी रेघ. तिने सगळं अक्षर काजळीत खळ कालवून काळं केलं होतं. वेटोळ्याच्या आत तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा कापलेला छोटा स्टोव्ह बसवला होता, आणि त्याच्या वातींच्या जागी पांढरे स्वच्छ सुताचे तुकडे. उजवीकडच्या उभ्या रेघेवर मात्र हळद, कुंकू आणि शेंदूर एकावर एक चोपडून ज्वाळा काढल्या होत्या, आणि त्या ज्वाळांमध्ये नायलॉनच्या साडीचे तुकडे होते. वितळून कडक झालेले, कडेला हिरवे.

मी विचारलं, शब्द कोणता? ती म्हणाली, ‘अडुप्पु’. अडुप्पु म्हणजे चूल. स्टोव्हलाही तेच म्हणतात. पाठ्यपुस्तकात अ ‘अम्मा’चा असतो, पण पुस्तकातला शब्द घ्यायचा नाही हा नियम होता, आणि ती नियम पाळणारी मुलगी होती.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, मग स्टोव्हमध्ये आग का नाही काढलीस? सगळी आग इकडे कशी?

तिने मान वर केली नाही. सुताचा एक तुकडा बोटाने दाबत तमिळमध्ये म्हणाली, “स्टोव्ह पेटलेलाच नव्हता, मिस. त्यात तेल नव्हतं. तेल अप्पांच्या हातात होतं.”

एवढंच. आवाज अगदी नेहमीचा. शेजारची मुलगी कात्री मागत होती. मी तिला कात्री देऊन टाकली आणि व्हरांड्यात गेले.

सारांनी माझ्याकडे बघितलं आणि भांडं उतरवून ठेवलं. मी जे ऐकलं ते त्यांना सांगितलं, मराठीत. ते म्हणाले, तिचे शब्द सांगा, तिने जसे म्हटले तसेच. मी ते तमिळमध्ये सांगितले. त्यांनी ते पुन्हा म्हणायला लावले आणि खिशातल्या कागदावर लिहून घेतले. मग वर्गात गेले, मुलीच्या बाकाशी गुडघ्यांवर बसले. फळी हातात घेतली, साडीच्या तुकड्याजवळ नाक नेलं. या एका वेळी त्यांनी काही चाखलं नाही. हा कपडा कुठे मिळाला, एवढं तिला विचारलं. ती म्हणाली, मागच्या अंगणात, कपडे धुण्याच्या दगडाखाली. फळी आज माझ्याकडे राहू देशील का, असं त्यांनी विचारलं. तीस मुलांच्या देखत एखाद्या मुलीची परवानगी मागताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. ती बरं म्हणाली.

शाळा सुटायच्या आत ते फळी सायकलला बांधून पोलीस ठाण्यात गेले. मस्टरवर सही करायची राहिली.

ठाण्यात त्यांना विचारण्यात आलं, मुलगी हे बोलली ते तुम्ही ऐकलं का? सार म्हणाले, नाही. मग कुणी ऐकलं? त्यांनी माझं नाव सांगितलं.

त्या संध्याकाळी संस्थेच्या चालकांचा मला फोन आला. धमकी नव्हती. ते वडीलधारे गृहस्थ होते आणि काळजीने बोलत होते. मुलीच्या वडिलांच्या मालकाने हॉल बांधून दिला आहे, हे त्यांनी ओघात सांगितलं. तुम्ही बाहेरगावच्या, भाषा नवी, लहान मुलांचं बोलणं कधी कधी नीट कळत नाही, असं म्हणाले. म्हणजे काय बोलायचं ते त्यांनी माझ्या हातात ठेवलं. नवरा म्हणाला, तुला काय वाटतं ते कर. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “लेकराला उद्यां त्याच घरांत जायचें आहे. तुम्ही बोलून मोकळ्या व्हाल. तें कोठें जाईल?” या वाक्याला मी धरून बसले. ते खरंही होतं. पण मी घाबरले होते आणि मला ते वाक्य हवं होतं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकलींजवळ मी सारांना गाठलं. म्हटलं, तुम्हीच का नाही सांगत, तुम्ही ऐकलं म्हणून? मी तुम्हाला शब्द न् शब्द सांगितलाय. तुमच्याजवळ लिहिलेलं आहे. तुमचं वय, तुमची नोकरी संपत आलेली.

ते सायकलची कडी लावत होते. “मी बाहेर खळ ढवळीत होतों,” ते म्हणाले. “मी ऐकिलें नाही.”

“पण काय फरक पडतो?”

“मज पडतो.”

त्या क्षणी मला त्यांचा इतका राग आला की मी त्यांना हट्टी म्हातारा म्हटलं. त्या रागाचा मला उपयोगही झाला. तासाभराने मुख्याध्यापिकांच्या खोलीत एक महिला उपनिरीक्षक आणि एक शिपाई आले. चालक होते, सार होते. फळी टेबलावर पालथी ठेवली होती. उपनिरीक्षक बाईंनी मला विचारलं, मुलगी काय म्हणाली? मी हिंदी-इंग्रजीची मोडतोड करत म्हटलं, मला तमिळ नीट येत नाही. ती स्टोव्हबद्दल काहीतरी म्हणाली. मला कळलं नाही.

मी तेव्हा सात वर्षं तंजावुरात होते. मंडईत तमिळमध्ये घासाघीस करत होते, हिंदी शिकवत होते तीसुद्धा तमिळमधून. मुख्याध्यापिकांना हे माहीत होतं. त्या समोरचं हजेरीपुस्तक उघडून बघत राहिल्या. सार माझ्याकडे बघत होते. मी वाट बघितली, ते आता म्हणतील, या बाईला तमिळ येतं. त्यांनी मान वळवून पालथ्या फळीकडे बघितलं.

मग मुलीला बोलावलं. वडिलांनाही बोलावलेलं होतं. ते दारात उभे होते. उपनिरीक्षक बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं. ती म्हणाली, स्टोव्हचा भडका उडाला. पुन्हा विचारलं. पुन्हा तेच म्हणाली. अपघाताची नोंद होती तशीच राहिली.

वडिलांनी फळी मागितली. सारांनी ती उचलून छातीशी धरली आणि म्हणाले, ज्याची वस्तू त्याला मिळेल, तिला येऊन मागू दे. मुलगी मागायला आली नाही. पुढच्या सोमवारी तिचं नाव काढून तिला आत्याकडे दुसऱ्या गावी पाठवण्यात आलं. फळी चालकांनी सारांकडून घेऊन कार्यालयाच्या कपाटात कुलूप लावून ठेवली. पुढे शाळेची रंगरंगोटी झाली तेव्हा ते कपाट भंगारात गेलं. आत काय काय होतं ते कुणी पाहिलं की नाही, मला कळलं नाही.

मार्चमध्ये भिंतीवर एकोणतीस अक्षरं लागली. पहिलीच जागा मोकळी. चालकांनी बाजारातून अ-अम्माचा छापील तक्ता आणवून तिथे लावला. रोज सकाळी तो काढून, नीट गुंडाळून मुख्याध्यापिकांच्या टेबलावर ठेवलेला असे. सार नाकारत नसत. होय, मी काढतों, म्हणत. ही जागा भरलेली आहे, म्हणत.

आणि त्याच दिवसांत त्यांनी एक नवीन सवय लावून घेतली. स्टाफरूममध्ये कुणीही तमिळ बोललं की ते माझ्याकडे वळून त्याची मराठी करून सांगत. मुख्याध्यापिका म्हणत, उद्या पालकसभा चार वाजता, सार शांतपणे मला सांगत, “उद्यां पालकांची सभा, चार वाजतां.” शिपाई येऊन म्हणे, पाणी गेलं; सार सांगत, “पाणी गेलें म्हणतो.” मुलं मला हाक मारत, “मिस, इकडे या”, तेव्हा मागून त्यांचा आवाज येई, “तुम्हांस बोलावितात.” चेहऱ्यावर उपरोध नाही, राग नाही. सुरुवातीला सगळे गोंधळले, मग काहीजण हसले, मग हसायचे थांबले. मी एकदा दबक्या आवाजात म्हटलं, सार, पुरे. ते म्हणाले, “लोकांस ठाऊक असूं दे तुम्हांस येत नाही. कोणी संशय घेतला तर तुम्ही अडचणींत याल.”

ती शिक्षा होती की ते खरंच माझं खोटं सांभाळत होते, हे मला त्या वेळी ठरवता आलं नाही. दोन महिने हे चाललं. एप्रिलच्या अखेरीस त्यांना सांगण्यात आलं की पुढच्या वर्षी चित्रकलेचा विषय ठेवायचा नाही असं ठरलं आहे. शेवटच्या दिवशी त्यांनी खळीचं भांडं घासलं, विटा रचून ठेवल्या आणि गेले. माझा निरोप घेतला नाही. मी खिडकीतून पाहिलं. मागच्या कॅरिअरवर एकही फळी नव्हती.

माझी नोकरी कायम झाली. मला मुलगी झाली, ती शाळेत जायला लागली, तमिळ अक्षरं गिरवायला लागली. तिरुवैयारु काही लांब नाही. शहरातून बसने पाऊण तास, तोही रस्त्यात बैलगाडी आडवी आली तर. देवदर्शनाला जाणं होई, एकदा सासूबाईंना घेऊन नदीवरही गेले. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन मी दोनदा परत फिरले आहे.

मागच्या वर्षी जून महिन्यात, एका रविवारी सकाळी दारात एक तरुण मुलगी उभी होती. खांद्याला पिशवी, केसांना भरपूर तेल. मी ओळखलं नाही. तिने शाळेचं नाव सांगितलं, आणि मग म्हणाली, माझ्याकडे अ होता.

मी तिला आत घेतलं. ती पाणी प्यायली आणि तिने येण्याचं कारण सरळ सांगितलं. तिचं लग्न ठरलं होतं. वडिलांनी ठरवलं होतं, मुलगा बरा होता. लग्नात वडिलांच्या मांडीवर बसायचं असतं, तिकडे तशी रीत आहे. ते तिच्याने होईल की नाही, हे तिला कळत नव्हतं. लहानपणापासून सगळ्यांनी सांगितलं होतं की स्टोव्हचा भडका उडाला, आणि तिलाही तसंच आठवत होतं. स्टोव्ह, भडका, आवाज, सगळं. पण तिने शाळेत एक अक्षर केलं होतं, त्यावरून पोलीस आले होते, आणि ते अक्षर करताना ती कुणाला तरी काही बोलली होती. काय बोलली, ते तिला आठवत नव्हतं.

“ड्रॉइंग सारांकडे गेले होते,” ती म्हणाली. “ते म्हणाले, मी ऐकलं नाही. ऐकणाऱ्या तुमच्या हिंदीच्या मिस. त्यांना विचार.” आणि मग म्हणाली, “मिस, मी काय बोलले होते?”

माझी मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. मी दार लोटून आले. मग मी तिला सांगितलं. फळी कशी होती, आग कोणत्या बाजूला होती, स्टोव्हच्या वाती कशा पांढऱ्या होत्या. आणि शेवटी तिचे स्वतःचे शब्द, जसे तिने म्हटले होते तसे. ते मी कधी विसरले नव्हते. विसरावेत म्हणून देवासमोर बसले होते, तरी विसरले नव्हते.

ती रडली नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवले. तिने विचारलं, “मग तेव्हा का नाही सांगितलंत?”

सासूबाईंचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. मी म्हटलं, “भ्याले.”

तिने मान हलवली. मला वाटलं, ती आता उठून जाईल. तिने पिशवीतून वही काढली, पान फाडलं आणि म्हणाली, “हे लिहून द्याल?” मी तमिळ बोलते तेवढं मला लिहिता येत नाही. अक्षरं मोठी मोठी येतात, शाळकरी. पानभर लिहायला मला अर्धा तास लागला. तिने ते वाचलं, दोन ठिकाणी माझ्या चुका पेनने दुरुस्त केल्या, आणि माझी सही घेतली.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून मी तिरुवैयारुला गेले. सारांच्या बहिणीने दार उघडलं. त्या ऐंशीच्या पुढच्या, पाठीत वाकलेल्या. सार आतल्या खोलीत खाटेवर होते. अर्धांगाने उजवी बाजू गेली होती, तोंड थोडं वाकडं झालं होतं. शेजारच्या घरात कुणी मुलगी एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होती. त्यांच्या कानात कापूस नव्हता.

मी सांगितलं की मुलगी आली होती. मी सगळं सांगितलं, लिहूनही दिलं. ते छताकडे बघत ऐकत होते. बोलणं अडखळत होतं, पण शब्द कळत होते.

“ती पूर्वी दोन वेळां येऊन गेली,” ते म्हणाले. “एकदां पंधराची असतां. एकदां मागल्या वर्षीं. तुमचें नांव मी सांगितलें नाही.”

मी विचारलं, का नाही सांगितलंत?

“तुम्ही आपण होऊन याल असें वाटलें. दहा वर्षें वाट पाहिली.” त्यांना दम लागला. बहीण पुढे आली, त्यांनी डाव्या हाताने तिला थांबवलं. “आतां मज वेळ नाही. म्हणून सांगितलें.”

मी खाटेच्या कडेला बसले. बहिणीने कॉफी आणली. त्यांच्या हातात पेला राहत नव्हता, म्हणून मी तो धरला. ते अर्धी प्यायले, अर्धी हनुवटीवरून उशीवर गेली. मी पदराने पुसली. त्यांच्या अंगाला तो खळीचा वास आता येत नव्हता, औषधाचा येत होता. मग त्यांनी डोळे मिटले आणि मी उठले. दारापर्यंत पोचवायला आलेल्या बहिणीने मला विचारलं, तुम्ही कोण? मी सांगितलं, बरोबर काम करत होते. आडी महिना, म्हणजे तिकडचा आषाढ, लागायच्या आत सार गेले. मला चार दिवसांनी कळलं.

मुलीचं लग्न मोडलं. ती वडिलांच्या घरी राहत नाही. एका शिवणकामाच्या कारखान्यात लागली आहे, मुलींच्या वसतिगृहात असते. वडील त्याच गोदामात आहेत. भाजलेल्या हाताने चहाचा पेला धरून रस्त्याच्या कडेला उभे असलेले मी त्यांना पाहिलं आहे. तिने माझ्या कागदासह अर्ज दिला आहे. त्याला वर्ष झालं. जुने कागद सापडत नाहीत असं सांगतात, कधी सांगतात साहेब नाहीत. तिला सुट्टी मिळते त्या दिवशी, महिन्यातून एकदा, मी तिच्याबरोबर कचेरीत जाते. आम्ही दोघी बाकावर बसतो. ती फारसं बोलत नाही, माझ्याशी तर नाहीच. तिथला शिपाई दर वेळी विचारतो, तुम्ही हिच्या कोण? आणि दर वेळी मी त्याला तमिळमध्ये सांगते की त्या दिवशी वर्गावर मी होते.